सासूबाईंचं नाक

सासूबाई गेल्या तेव्हा मी तळघरात बिअरच्या बाटल्या धूत होतो.

हे वाक्य मी चार वेळा खोडून पाहिलं. 'मी कामात होतो', 'मी घरीच होतो' असं काहीबाही लिहून पाहिलं. पण त्या बाईंबद्दल लिहायचं आणि पहिल्याच ओळीत गुळगुळीत काही ठेवायचं, हे जमेना. तर बाटल्याच धूत होतो. जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खोली आहे, केलर म्हणतात. मार्चमधली सकाळ होती. चाळीसेक काचेच्या बाटल्या, गरम पाणी, लांब दांड्याचा ब्रश. मेधा, माझी बायको, जिना उतरून आली आणि दारात थांबली. त्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत ती कधीच येत नसे. "हॉस्पिटलमधून फोन होता," म्हणाली. एवढंच. माझ्या हातातली बाटली भरली, वाहायला लागली, आणि नळ बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही...

त्या बाटल्या धुवायला मला सासूबाईंनीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी, हॉस्पिटलच्या खाटेवरून. ही गोष्ट मी हल्ली ज्याला त्याला सांगतो, आणि ऐकणारा हसावं की नाही या विचारात पडतो. मीही पडतो. म्हणून आता नीट सुरुवातीपासून सांगतो.

सुमतीबाई कऱ्हाडच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं. माझे सासरे मी पाहिलेले नाहीत. ते आमच्या लग्नाच्या बरेच आधी गेले, आणि कशानं गेले हे त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मेधानं मला एकदाच सांगितलं होतं. रोज संध्याकाळी बाबा दारात चपला काढायचे आणि आई ओट्यापासून न हलता विचारायची, "आज कुठली?" बाबा म्हणायचे, "खोकल्याचं औषध घेतलंय." आई म्हणायची, "खोकल्याच्या औषधावर वेलदोडा कशाला चघळलात?" कधी वेलदोडा, कधी पेरूचं पान, कधी पानातली बडीशेप. बाबा वरून नवनवे वास चढवत गेले आणि आई खालचा वास शोधत गेली. गवयाचा गळा रियाजानं तयार होतो. सासूबाईंचं नाक नवऱ्याच्या खोट्यानं तयार झालं, असं माझं मत आहे.

चार वर्षांपूर्वी त्या घरात पडल्या, मनगट मोडलं, आणि एकटं राहणं संपलं. मेधानं कागदपत्रांचे सगळे सोपस्कार करून त्यांना इकडे आणायचं ठरवलं. तोवर मला घरी बिअर करायचा नाद लागून दोन वर्षं झाली होती. मेधानं तो नाद कसाबसा सहन केला होता, केलरच्या दाराबाहेर राहून. आता तिनं मला समोर बसवलं. "मिलिंद, आईला कळलं तर ती पुढच्या विमानानं परत जाईल. आणि तिकडे तिच्याजवळ कुणी नाही. कळतंय ना तुला?" मला कळत होतं. म्हणून मी बिअरचं पिंप केलरच्या आणखी आतल्या कोपऱ्यात सरकवलं आणि पुढे जुनी गादी उभी केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सासूबाईंनी ताटातून मान वर न करता विचारलं, "जावईबापू, खाली काय आंबतंय?"

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

"व्हिनेगर करतोय, आई," मी म्हणालो. "सॅलडला बरं पडतं."

"व्हिनेगर नाकात सुईसारखं जातं. हा वास गोल आहे."

आणि त्या उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरून, एकेक पायरी करत खाली. मी मागून, हवालदारानं पुढं घातलेल्या चोरासारखा, फक्त इथे चोर मागे होता. त्यांनी गादी बाजूला करायला लावली. निळ्या पिंपाच्या झाकणावर वाकडी काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यातून सावकाश बुडबुडे. मी घाईघाईनं बचाव मांडला. "अहो आई, हे पूर्ण कायदेशीर आहे. घरी करायची असेल तर इथे आधी कस्टमच्या ऑफिसला कळवावं लागतं. मी रीतसर कळवलंय."

"म्हणजे कस्टमला बिअर सांगितलीत, आणि मला व्हिनेगर."

  त्या पिंपाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता वर जाऊन तिकीट काढायला सांगणार. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी राहीन. तुम्ही प्या, नका पिऊ, तो तुमचा प्रश्न. पण या वासाबद्दल माझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. एकदा जरी बोललात तर मी या घरात थांबणार नाही." मी मान हलवली. त्यांनी झाकणाजवळ वाकून एक लांब श्वास घेतला. "आणि हे नासलंय."

"नाही आई, ते आंबतंय. तसंच असतं ते."

"आंबणं मला शिकवू नका. आंबतं ते वेगळं आणि नासतं ते वेगळं. पिंप नीट धुतलं नव्हतंत."

खरंच धुतलं नव्हतं. आधीच्या पाच खेपांना जो एक उग्र वास येत होता त्याला मी 'घरगुती चव' म्हणत आलो होतो आणि मित्रांना आग्रहानं पाजत आलो होतो.

दारू चांगली की वाईट हा वाद त्यांनी माझ्याशी कधी घातला नाही. मला वाटतं, त्यांना माझ्या बिअरपेक्षा न धुतलेल्या पिंपाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते माझ्याकडून सोड्यानं तीनदा धुऊन घेतलं आणि उन्हात उपडं घातलं. मग सुरू झालं ते बघताना मी अक्षरशः तोंड उघडं टाकून उभा राही. मी पुस्तकं वाचून, थर्मामीटर लावून जे करू पाहत होतो ते या बाईंनी पन्नास उन्हाळे निराळ्या नावांनी केलं होतं. तीन दिवस गहू भिजत घालून कुरडईचा चीक. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व. धान्याला मोड आणून वाळवलं की त्यालाच इथे माल्ट म्हणतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढंच होय?"

मी करायचो ती गव्हाची बिअर, बव्हेरियातली. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो दोन्हीपैकी काहीही न घालता येतो, यीस्टमुळे. हे सासूबाईंना पटेना. पहिली चांगली खेप तयार झाली तेव्हा त्यांनी ग्लास नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा धरला. "केळं घातलंत?" नाही. "लवंग?" नाही. "शिकरणात लवंग घालणारी माणसं दिसतात ही," म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला त्या रोज दोनदा खाली येऊन पिंपाला तळहाताची मागची बाजू लावू लागल्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. "याला कणकण आहे. भिंतीकडे सरकवा." तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "थंडीत लवंग चढते, उबेत केळं. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा, मग पिंप ठेवा." हेच वाक्य मला पुढे एका जाडजूड जर्मन पुस्तकात दोन पानं आणि एक आलेख होऊन भेटलं.

एक थेंबही न चाखता हे सगळं चालायचं. चव घेण्याचं काम वरच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, हूबरांकडे होतं. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, जन्मापासून इथलेच. रविवारी अकरा वाजता ते स्वतःचा ग्लास घेऊन येत. आधी सासूबाई वास घेत, मग हूबर घोट घेत, मग दोघं एकमेकांकडे बघत. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही येत नव्हतं. बिअर अप्रतिम झाली असेल तर हूबर म्हणत, "पास्ट शो," म्हणजे चालेल. सासूबाई म्हणत, "बरी." मी मात्र आकाशपाताळ एक करून कौतुक करी, आणि दोघंही माझ्याकडे सारख्याच दयेनं बघत. मी स्वतः एका ग्लासावर थांबायचो. त्या काही बोलत नसत, पण त्या समोर बसलेल्या असताना दुसऱ्या ग्लासाकडे हात जातच नसे.

एक मोठी चूक झाली, ती भाषांतराची. बिअर बाटलीत भरताना प्रत्येक बाटलीत थोडा न आंबलेला गोड रस घालतात. बंद बाटलीत यीस्ट तो खातं आणि फेस तयार होतो. या रसाला इथे श्पाइझं म्हणतात. मी सासूबाईंना सरळ भाषांतर करून सांगितलं, जेवण. कऱ्हाडच्या बाईंच्या हातात पळी देऊन 'यांना जेवण वाढायचंय' असं सांगितल्यावर मापाला कोण विचारतो? माप मी दिलं होतं. त्यांनी मापानं वाढलं आणि माझी पाठ वळल्यावर प्रत्येक बाटलीला वर एकेक पळी. "महिनाभर कोंडून राहायचंय बिचाऱ्यांना," असं नंतर कारण सांगितलं. पुढच्या मंगळवारी दुपारी चार वाजता तळघरात पहिला बार उडाला. मग दुसरा. हेर हूबर जिन्यात येऊन उभे राहिले आणि युद्ध वगैरे काही नसून बाटल्या आहेत हे कळल्यावर आत जाऊन सायकलचं हेल्मेट घेऊन आले. ते हेल्मेट, हिवाळी कोट आणि बागकामाचे हातमोजे आळीपाळीनं घालून आम्ही उरलेल्या बाटल्यांचे तारेचे खटके एकेक करून सैल केले. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून बघत होत्या. "आग्रहाला बळी पडल्या," म्हणाल्या. त्यानंतर रस त्या मापूनच घालत, पण घालताना बाटलीला "पुरे हं" असं सांगत.

गेल्या डिसेंबरात त्यांना फ्लू झाला. बऱ्या झाल्या. पण जानेवारीत एका दुपारी मी बाहेरून आलो तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि सासूबाई शेगडीपासून दोन हातांवर मेथी निवडत बसलेल्या. मी शेगडी बंद केली. "आत्ता उठणारच होते," म्हणाल्या, आणि काडी मोडत राहिल्या. मी काही बोललो नाही. मेधालाही सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून तळघर ओळखणारं नाक... ते असं न सांगता निघून गेलं यावर माझा विश्वास बसत नव्हता.

त्यानंतरच्या खेपेची पहिली बाटली रविवारी उघडली. सासूबाईंनी नेहमीसारखा ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. "छान," म्हणाल्या. "शिकरण आलंय."

त्यांनी आजवर कशालाच छान म्हटलं नव्हतं. मी वास घेतला. ओलं फडकं दोन दिवस बादलीत राहिल्यासारखा वास होता. खरं सांगितलं असतं तर त्यांचं नाक गेल्याचं मीच त्यांना तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी म्हणालो, "हो आई, फक्कड जमलीय."

हूबरांनी एक घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठल्या, स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "घाला."

"आई, हे काय करतेयस?" मेधा म्हणाली.

"घाला म्हणते ना."

मी वाटीत दोन घोट ओतले. अठ्ठ्याहत्तर वर्षं जे जिभेला लागू दिलं नव्हतं, ज्यापायी त्यांचा अर्धा संसार जळला होता, ते त्यांनी आमच्यासमोर तोंडात घेतलं, फिरवलं आणि गिळलं.

"नासलंय," म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला वास आला होता?"

"हो."

"माझं नाक गेलंय हेही माहीत होतं?"

"दूध करपलं त्या दिवसापासून."

त्यांनी वाटी उपडी ठेवली. "मेधाच्या बाबांचं खोटं मला नाकानं कळायचं. तुमचं कळायला जीभ बाटवावी लागली. तुम्ही त्यांच्याहून महाग पडलात, जावईबापू."

त्या संध्याकाळी कपाटावरची त्यांची बॅग खाली आली. दोन दिवस ती त्यांच्या पलंगावर उघडी पडून होती. आत काही भरलेलं नव्हतं, पण मिटलेलीही नव्हती. मेधा मला एवढंच म्हणाली, "तुला सगळ्या जगात खोटं बोलायला हीच एक गोष्ट सापडली?" मी आयुष्यभर गोष्टी फुगवून सांगत आलो, लोक हसत आले. त्या दोन दिवसांत मला माझ्याच तोंडाची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "खाली चला." केलरमध्ये त्या स्टुलावर बसल्या आणि नासलेल्या खेपेकडे बोट दाखवलं. "एकेक उघडा, वास घ्या, मला सांगा आणि ओता."

"ओलं फडकं," मी म्हणालो आणि ओतली.

"पुढची."

"ओलं फडकं."

"नीट घ्या. सगळ्या सारख्या नसतात."

दहाव्या बाटलीला मी थांबलो. "ओलं फडकंच, पण मागे कुठेतरी... जुनं तांब्याचं भांडं."

"तिचं रबर बघा." बुचाभोवतीचं रबर चिरलेलं होतं. सगळ्या बाटल्या संपेपर्यंत दुपार झाली. संध्याकाळी बॅग पुन्हा कपाटावर दिसली. कुणी ठेवली, मी विचारलं नाही.

तिथून पुढे त्यांचं नाक म्हणून मी काम केलं. नोकरी अवघड होती. पहिली अट, विशेषणं बंद. "मस्त हा वास नसतो, जावईबापू. कशाचा, ते सांगा." मी सांगे, भिजलेला गहू, सफरचंदाची साल, विझवलेली काडी. त्यावरून त्या सांगत, दार उघडं राहिलंय, पिंप पुढे ओढा, आज हात लावू नका. न बघता, न हुंगता, नुसत्या माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांवरून. मी खाली जाऊन बघे तर दार खरंच किलकिलं असे. मी बुद्धीनं जगणाऱ्या पुष्कळ माणसांबरोबर काम केलंय. पण या बाईंसमोर बसून जितकं लहान झाल्यासारखं वाटे तितकं मला कधी कुठे वाटलं नाही, आणि तितकं बरंही.

फेब्रुवारीच्या शेवटी हृदयानं दगा दिला आणि त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. पिंपात नुकतीच नवी खेप लावलेली होती. मी रोज ऑफिसातून येऊन आधी खाली जाई, मग हॉस्पिटलला. शेवटच्या संध्याकाळी त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

"आज?"

"केळं आहे. लवंग कालच्याहून वर. गंधकाचा वास गेला."

"बुडबुडे?"

"मिनिटाला एखादा."

"मग उद्या भरा," म्हणाल्या. "बाटल्या गरम पाण्यानं धुवा."

आणि दुसऱ्या दिवशी मेधा दारात येऊन उभी राहिली...

बाटल्या त्या दिवशी भरल्या नाहीत. अंत्यसंस्कार व्हायला इथे तारीख मिळावी लागते, ती सहाव्या दिवसाची मिळाली. मधल्या काळात हेर हूबरांनी हळूच विचारलं, फ्राऊ सुमतींनी 'उद्या' म्हटलं होतं ना? मी त्यांना सुतक समजावलं. घरात कुणी गेलं की दहा दिवस आम्ही लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही. हूबर "गेनाऊ" म्हणाले, अगदी बरोबर, आणि त्यांना काही कळलेलं नव्हतं. मेधा ठाम होती. "लोणच्याला चालत नाही, मग हे तर अजून आंबतंय." मला म्हणायचं होतं की आईंनी असलं काही मानलं नसतं, त्यांनी सुतकासकट भरून घेतल्या असत्या. पण मुलीला आईसाठी काहीतरी पाळायचं होतं. मी रोज खाली जाऊन नळीजवळ वाकत होतो, आणि लवंग रोज थोडी थोडी उतरत होती. अकराव्या दिवशी हूबर आणि मी बाटल्या भरल्या. जेवण मापून वाढलं.

गेल्या रविवारी त्या खेपेतली पहिली बाटली उघडली. सासूबाईंची पद्धत होती की प्रत्येक खेपेतली एक बाटली न उघडता केलरच्या फळीवर ठेवायची आणि तिला पांढरी पट्टी चिकटवून निकाल लिहायचा. शिवणाच्या बाईंचं सरळ, टाके घातल्यासारखं अक्षर. 'बरी.' 'केळं जास्त.' 'घाई केली.' 'आग्रह.' नासलेल्या खेपेतलीही एक बाटली त्यांनी ओतू न देता ठेवून घेतली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'जावईबापू.'

आम्ही तिघं खालीच बसलो. हूबरांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पास्ट म्हणाले नाहीत, शो म्हणाले नाहीत. मी घेतला. चांगली होती. त्यांची सर्वांत चांगली नव्हती.

मी पट्टी आणि पेन काढलं. उघडी बाटली मेधाच्या हातात होती. कधी नव्हे ती आत येऊन स्टुलावर बसली होती.

"उत्तम लिही ना," ती म्हणाली. "शेवटची आहे आईची."

 उत्तम लिहायला मला एक क्षण लागला असता, आयुष्यभराची सवय होती. मी लिहिलं, 'दहा दिवस उशीर.' आणि पट्टी तिच्यापुढे धरली.

मेधानं ती वाचली. मग हातातली बाटली तिनं नाकाशी नेली, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

"लवंग उतरलीय," म्हणाली. "तेही लिही."